लेखकाच्या आयुष्यावर कथा रचताना

नामवंत लेखकाला कथेचा नायक करायचं ठरवलं की जन्मापासून मरणापर्यंत सगळं सांगून टाकायचा मोह होतो. एका कथेच्या अडीच हजार शब्दांत ते बसत नाही, आणि ओढूनताणून बसवलं तर चरित्राचं टिपण हाती येतं. कथेला एखाददुसरा दिवस पुरतो. एक जागा, तीन-चार माणसं आणि नोंदींमधली एक फट एवढं मिळालं की सुरुवात करता येते. चरित्रकार जिथे गप्प होतो तिथे आपण बोलायचं, तो जिथे बोललाय तिथे त्याचं मोडायचं नाही. या एका शिस्तीवर पुढचं सगळं उभं आहे.

उदाहरण म्हणून इथे राम गणेश गडकरी घेतले आहेत. त्यांच्या ठळक तारखा पक्क्या आहेत, एकाच माणसाने तीन नावांनी लिहिलं आहे, एक नाटक अपुरं राहिलं आहे आणि त्यांचं साहित्य वापरायला हक्काची अडचण उरलेली नाही.

लेखक निवडताना

आवडता लेखक आणि कथेला योग्य लेखक एकच असेल असं नाही. ज्याचं जवळजवळ सगळं लेखन वाचलंय आणि ज्याच्या आयुष्यात ठाम नोंदीही आहेत आणि मोकळ्या जागाही, असा निवडा. नुसत्या नोंदी असतील तर हलायला जागा नसते. नुसत्या मोकळ्या जागा असतील तर ती कथा कुणाचीही होऊ शकते.

मराठीत अशा जागा भरपूर आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. कथेचा काळ आणि जागा दोन्ही आयतीच मिळतात, पण त्या पाच दिवसांत आजूबाजूचे कैदी काय करत होते हे रचायचं राहतं. बहिणाबाईंच्या ओव्या तोंडी होत्या. त्या कागदावर उतरल्या आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, पुस्तक आलं. बोलणं आणि कागद यांच्यामधला तो काळ कथेसाठी फार मोठा आहे. केशवसुतांच्या जन्मतारखेबद्दलच अभ्यासकांत दोन मतं आहेत, तेव्हा त्यांच्या बालपणावर लिहिणाऱ्याने आधी एक मत निवडून शेवटपर्यंत त्यालाच धरून राहावं.

बालकवींच्या बाबतीत एक सावधगिरी. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्यावर लिहायला बसणारा जवळजवळ प्रत्येक जण त्या रुळांकडेच जातो. तिथे जाऊ नका. आदल्या आठवड्यातली एखादी साधी दुपार घ्या. शेवट वाचकाला ठाऊकच आहे, त्याची सावली आपोआप पडते.

तीन रकाने

एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: ठाम, शक्य, रचलेलं. गडकऱ्यांच्या शेवटच्या दिवसांवर कथा लिहायची असेल तर रकाने साधारण असे भरतील.

ठाम: जन्म २६ मे १८८५, नवसारी. मृत्यू २३ जानेवारी १९१९, सावनेर. वय ३३. कविता गोविंदाग्रज या नावाने, विनोदी लेख बाळकराम या नावाने, नाटकं स्वतःच्या नावाने. गुरुस्थानी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. अखेरच्या आजारपणात ‘भावबंधन’ पुरं झालं, ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यांच्या निधनानंतर. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची.

शक्य: खोलीत कंदील होता. नाटक मंडळींकडून पत्रं येत होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची आठवण घराघरात ताजी होती.

रचलेलं: औषध घेऊन येणारा पोरगा, त्याचं नाव, त्याने ऐकलेलं आणि त्याने बिघडवलेलं काहीतरी.

पहिल्या रकान्याला कथेत कधीही हात लावायचा नाही. दुसऱ्यातली प्रत्येक गोष्ट तपासायची. तिसऱ्यात हवं ते लिहा, फक्त त्यातलं काही पहिल्याला खोटं ठरवणारं नको. गफलत होते ती दुसऱ्या रकान्यात. दोन आठवणींच्या पुस्तकांत तोच किस्सा सापडला की लिहिणारा तो निर्धास्तपणे ‘ठाम’मध्ये टाकतो. गडकऱ्यांबद्दलच्या आख्यायिका खूप आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पुढे कितीतरी वर्षांनी आठवून लिहिलेल्या आहेत. किश्श्यातले संवाद सांगणाऱ्याचे असतात. तीन पुस्तकांत किस्सा जवळजवळ त्याच शब्दांत असेल तर ते तीन साक्षीदार धरू नका, एकाचंच दोघांनी उचललेलं असण्याची शक्यता जास्त. सर्वांत जुनं पुस्तक शोधा आणि ते लिहिणारा त्या वेळी तिथे होता का ते पाहा. नसेल तर किस्सा ‘शक्य’मध्येच राहू द्या.

कागदावर पन्नास-साठ नोंदी झाल्या की थांबा. त्यातल्या दहा-बारा कथेत येतील. बाकीच्या वाया जात नाहीत, त्या तुम्हाला चुकू देत नाहीत. प्रत्येक नोंदीची एकच परीक्षा घ्या: ती खोडल्यावर प्रसंग जागचा हलतो का? हलत नसेल तर ती वाचकाला आपला अभ्यास दाखवण्यापुरतीच आलेली आहे.

आयुष्यातून साहित्यकृती ‘काढून दाखवणं’

या प्रकारच्या कथा सर्वांत जास्त इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर.

नेहमीचा प्रसंग असा: लेखक खिडकीत उभा, खाली रस्त्यावर एक दारुडा बायकोला मारतोय, लेखकाचे डोळे पाणावतात, तो टाक उचलतो आणि कागदावर लिहितो, ‘एकच प्याला’. वाचणाऱ्याला क्षणभर बरं वाटतं, पण कथा तिथेच मरते. शेवट पहिल्या ओळीतच कळला. शिवाय सुधाकर, सिंधू, तळीराम ही सगळी माणसं एका दृश्याची नक्कल ठरली, म्हणजे नाटक आहे त्याहून लहान झालं. आणि मुख्य म्हणजे नाटक असं लिहिलं जात नाही.

त्या काळचा नाटककार नाटक मंडळीसाठी लिहीत होता. नायिकेचं काम कोण पुरुष करणार, त्याचा गळा कसा आहे, पद कुठे यावं, विनोदी प्रवेश कुठे टाकला म्हणजे आतल्या नटाला कपडे बदलायला वेळ मिळेल, हे सगळं टाक हातात असतानाच डोक्यात चालू असायचं. ‘एकच प्याला’त तर पदं दुसऱ्याची. म्हणजे गद्य लिहिताना एका जागी थांबायचं आणि इथून पुढे माझ्या पात्राच्या तोंडी दुसऱ्या कवीचे शब्द येतील हे मान्य करायचं. आणि हा माणूस स्वतः गोविंदाग्रज! कथेचं बीज हवं असेल तर ते इथे आहे. कवी असलेल्या नाटककाराने आपल्याच नाटकात पदाची जागा मोकळी सोडली, त्या मोकळ्या जागेकडे तो कसा पाहत असेल? याचं उत्तर कुठल्याही नोंदीत नाही, म्हणून ते रचायचा तुम्हाला पुरता अधिकार आहे.

तेव्हा दिशा उलटी ठेवा. आयुष्यातून कृती निघाली असं दाखवण्याऐवजी कृतीने आयुष्याकडून काय मागितलं ते दाखवा. एक प्रवेश पुरा करण्यासाठी झोप गेली, कुणाचं पत्र अनुत्तरित राहिलं, घरातलं कुणीतरी दाराशी ताटकळलं. लेखनाचं काम डोळ्यांना दिसलं पाहिजे: खोडणं, पानं मागेपुढे करणं, मोठ्याने म्हणून पाहणं, एका शब्दावर अडणं.

शैलीचं काय करायचं

लेखकाची दोन पानं हाताने उतरवून काढा. डोळ्यांनी वाचताना जे निसटतं ते हाताला कळतं. गडकऱ्यांच्या बाबतीत पहिल्याच पानावर लक्षात येईल की वाक्य लांबत जातं, एकाच रचनेची तीन-चार उपवाक्यं एकावर एक चढतात, अनुप्रास येतो आणि शेवटी कोटीने किंवा विरोधाने टाळी घेतली जाते.

हे सगळं नीट कळलं की निवेदनात त्याचा वापर करू नका. निवेदकच गडकऱ्यांसारखा बोलू लागला तर पाचव्या ओळीला नकलेचा कार्यक्रम सुरू होतो. त्यांची शैली सबंध कथेत दोन-तीन वाक्यांपुरती यावी, तीही ते स्वतः काही लिहीत किंवा म्हणून पाहत असतील तिथे.

आणि एक कळकळीची विनंती. आपण रचलेलं सुविचारासारखं वाक्य लेखकाच्या तोंडी घालू नका. ते कथेतून सुटतं, चित्रावर चढतं, फोनवरून फिरतं, आणि दोन वर्षांत शाळेच्या फळ्यावर गडकऱ्यांचं वचन म्हणून लिहिलं जातं. त्यांना कामाचं बोलू द्या. ‘दौत इकडे सरकव’, ‘कितवं पान झालं?’, ‘खिडकी लाव’. मोठा लेखक अशा बोलण्यातूनच माणूस म्हणून जवळ येतो.

कुणाच्या डोळ्यांनी

लेखकाच्या प्रथमपुरुषी निवेदनाच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. प्रत्येक वाक्याची तुलना त्याच्या खऱ्या वाक्याशी होते आणि आपण हरतो. पत्नी, भाऊ, मित्र ही खरी माणसं आहेत, त्यांच्या मनात शिरताना पहिला रकाना पुन्हा आडवा येतो. सर्वांत मोकळीक देतो तो कडेचा रचलेला माणूस, ज्याला समोरचा लेखक कोण आहे हे पुरतं ठाऊक नाही. उदाहरणार्थ:

औषधाची बाटली खिडकीत ठेवून सदू वळला तोच पलंगावरून आवाज आला.
‘पोरा, वाचता येतं?’
‘येते जी.’
‘मग ते वरचं पान घे. मोठ्यानं वाच.’
सदू वाचू लागला. दुसऱ्या ओळीला अडखळला, पुन्हा मागे आला, पुन्हा तिथेच अडखळला. पलंगावरचा माणूस खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, ‘सगळेच अडखळतील तिथे. खोड ते.’
कुठला शब्द खोडायचा हे सदूला कळलं नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही. त्याने टाक बुडवला आणि अख्खी ओळ खोडली.

या तुकड्यात नाटकाचं नाव नाही, लेखकाचंही नाही, आजाराचंही नाही. वाचकाला हे सगळं कथेच्या शीर्षकावरून आणि आधीच्या दोन ओळींवरून कळलेलं असेल. ‘खोड ते’ यातून नाटककाराची कानाने लिहिण्याची पद्धत दिसते. पोराच्या चुकीमुळे एक ओळ कायमची गेली, आणि ती कुठली हे कुणालाच कळणार नाही, म्हणून तिने ठाम रकान्याला धक्काही लागत नाही. रचलेलं असं असावं: नोंदींच्या आत कुठेतरी घडून गेलेलं, मागे खूण न ठेवलेलं.

‘येते जी’ यातल्या ‘जी’कडेही पाहा. सावनेर नागपूरकडचं. तिथल्या पोराच्या तोंडी पुण्याची मराठी घातली तर तिकडचा वाचक पहिल्याच संवादाला पुस्तक मिटेल. पण बोली ठासून भरायचीही गरज नसते. एखादा शब्द, एखादं क्रियापद पुरतं. बोली येत नसेल तर तिकडच्या माणसाकडून ते चार संवाद म्हणून घ्या.

काळाच्या चुका

या चुका बारीक असतात, पण एक सापडली की वाचक पुढच्या दहा शोधू लागतो.

१९१९ साली सावनेर मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्य प्रांतात होतं. ‘महाराष्ट्र’ हा शब्द भाषेच्या, लोकांच्या अर्थाने चालेल, राज्य म्हणून चालणार नाही. पैसे रुपये-आणे-पै मध्ये: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून, तेव्हा त्याआधीच्या कथेत ‘पन्नास पैसे’ नको. प्रवासाचा प्रसंग असेल तर घड्याळ सांभाळा: प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबईने आपली स्थानिक वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही आणि ती ३९ मिनिटं मागे होती.

शब्दांची तपासणी आणखी महत्त्वाची. गडकऱ्यांच्या काळातला नट ‘दिग्दर्शक’ म्हणणार नाही. हा शब्द आणि ‘चित्रपट’ हे सावरकरांच्या भाषाशुद्धीतून पुढे रुळले. त्या वेळी तालीम मास्तर होते, मंडळीचे मालक होते आणि ‘नाट्यसंस्था’ऐवजी नाटक मंडळी होत्या. जुनं शुद्धलेखन, म्हणजे ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘होतें’, हे १९६२ च्या नियमांआधी सर्रास होतं. ते फक्त कथेत येणाऱ्या पत्रात किंवा हस्तलिखिताच्या ओळीत वापरा, आणि वापरलं तर त्या तुकड्यात एकही अनुस्वार सुटू देऊ नका. अर्धवट जुनं शुद्धलेखन हे छपाईच्या चुकीसारखं दिसतं.

पात्रं लेखकाला भेटायला येतात तेव्हा

कृतीला कथेत आणायचा हा सर्वांत लोकप्रिय मार्ग आणि सर्वांत घसरडाही. आजारी लेखकाभोवती सिंधू, लतिका, घनश्याम, तळीराम जमतात, प्रत्येक जण आपलं प्रसिद्ध वाक्य म्हणतो आणि निरोप घेतो. हे संमेलन झालं. एकच पात्र आणा आणि त्याला लेखकाकडून काहीतरी हवं असू द्या. ‘राजसंन्यास’ अपुरं आहे, तेव्हा त्यातला जिवाजी कलमदाने आपल्या न लिहिलेल्या प्रवेशाची मागणी घेऊन आला तर त्याच्या येण्याला कारण आहे. पुऱ्या झालेल्या नाटकातल्या पात्राला तसं कारण शोधावं लागतं. आलेल्या पात्राला त्याच्या नाटकापलीकडचं काही ठाऊक नसावं. लेखकाचं पुढे काय होणार, लोक त्याला किती मानणार, हे त्याने सांगितलं की तुम्ही आपलं भाषण त्याच्या तोंडी घातलं.

‘असं झालं असतं तर’ या वाटेने जायचं असेल तर वस्तुस्थितीत एकच बदल करा आणि त्याचे परिणाम प्रामाणिकपणे भोगा. समजा, २३ जानेवारीला गडकरी वाचले. मग १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे आहेत, नाटक मंडळ्यांना घरघर लागली आहे आणि लांब वाक्यांचा बादशहा अशा माध्यमासमोर उभा आहे ज्यात लांब वाक्य चालत नाही. यात कथा आहे. ते वाचले आणि त्यांनी आणखी दहा उत्तम नाटकं लिहिली, यात नाही.

हक्क आणि अब्रू

भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणून २०५९ अखेरपर्यंत. पु. ल. देशपांडे २००० साली, म्हणून २०६० अखेरपर्यंत. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजली जातात. पत्र ज्याला आलं त्याच्याकडे कागद असतो, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. तेव्हा हक्कातल्या लेखकाची कविता किंवा पत्र कथेत जसंच्या तसं घालायचं तर लेखी परवानगी घ्या, किंवा ओळ न देता तिचा परिणाम दाखवा. दुसरा मार्ग बहुतेक वेळा कथेलाही मानवतो.

मृत व्यक्तीची बदनामीही कायद्यात बसते: ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता, आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, अशी अट आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने आदरणीय ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी अश्लील भाषा घालताना काव्यस्वातंत्र्याला मर्यादा आहे असं म्हटलं. हे लक्षात असू द्या. खरी चूक, खरा राग, खरं व्यसन, ज्याची नोंद आहे, ते लिहायला कचरू नका. नोंद नसलेला कलंक रचू नका. हयात नातेवाइकांना तर कथेत आणूच नये.

खर्डा ते छापील पान

पहिला खर्डा कागदपत्रं बाजूला ठेवून, शक्य तर एका बैठकीत लिहा. पुस्तक उघडं असलं की वाक्यं नोंदींसारखी होतात. तारीख आठवत नसेल तिथे चौकटी कंसात ‘तारीख?’ असं लिहून पुढे जा. अडीच हजार शब्दांना चार प्रसंग पुरे: पहिला चारशे, मधले दोन प्रत्येकी आठशे-नऊशे, शेवटचा पुन्हा चारशेच्या आत. मृत्यूवर संपवू नका. ‘आणि ते नाटक अजरामर झालं’ असंही नको. काम चालू असताना थांबा.

मग तीन रकान्यांचा कागद घेऊन ओळ न् ओळ तपासा, संवाद मोठ्याने वाचा आणि दोघांना वाचायला द्या. गडकरी वाचलेल्याला विचारा, कुठे थबकलात? न वाचलेल्याला फक्त एवढंच विचारा, लेखकाचं नाव झाकलं तर गोष्ट उरते का? तो ‘नाही’ म्हणाला तर कथा कीर्तीच्या आधाराने उभी आहे. सदूसारख्या माणसाला जास्त जागा द्या आणि दुसरा खर्डा काढा.

शेवटी टीप. चाळीस-पन्नास शब्दांची, कथेनंतर. आधी घातली तर वाचक खरं-खोटं मोजत वाचतो. नमुना: ‘ही कथा काल्पनिक आहे. राम गणेश गडकरी यांचं सावनेर येथील अखेरचं आजारपण, निधनाची तारीख आणि नाटकांची नावं नोंदींप्रमाणे आहेत. सदू हे पात्र, सर्व संवाद आणि हस्तलिखितासंबंधीचा प्रसंग रचलेला आहे.’ दिवाळी अंकाला पाठवताना ही टीप वेगळ्या पत्रात न देता कथेच्याच फाइलमध्ये, शेवटच्या ओळीखाली ठेवा. वेगळी पाठवलेली टीप पानं लावताना गळते आणि कथा चरित्र म्हणून छापली जाते.